कपाटाची हळद

गोमाकाकींनी माझ्या डोळ्यांदेखत एका गॅस सिलिंडरचं, पाण्याच्या मोटारीचं आणि माझ्या टेबलफॅनचं लग्न लावलेलं आहे.

सिलिंडर हा नवरा, कारण तो दुसऱ्याच्या खांद्यावर बसून येतो. शेगडी ही नवरी, कारण ती घरात वाट बघत बसलेली असते. सिलिंडरवाला रेग्युलेटर बसवेपर्यंत काकी डोक्यावर पदर घेऊन भिंतीला टेकून उभ्या राहतात आणि गळा मोकळा सोडतात :

'नवरा आयला गो, लाल सदरा लेवून आयला,
नवरीच्या पोटान आग, मांडवान घ्या गो त्याला...'

सिलिंडरवाला नवा असला तर घाबरतो. जुना असला तर म्हणतो, "काकी, अक्षता टाका पटकन. गाडी रस्त्यात उभी हाय."

काकी धवलारीण आहेत. आमच्या परभणीकडं हा शब्द कुणी ऐकलेला नाही. मीही भिवंडीला येईपर्यंत ऐकला नव्हता. इकडच्या आगरी लोकांत लग्न लावायला बाई असते. ती मांडवात उभी राहून धवले गाते. त्यात नवरा-नवरीचं नाव घालते, त्यांच्या आईबापाचं घालते, देवाचं घालते. तिचं गाणं पुरं झालं की लग्न लागलं. काकींनी भिवंडीजवळच्या या पूर्ण्यात आणि आसपासच्या गावांत किती संसार असे गाऊन उभे केले, त्याचा हिशेब त्यांच्याकडंही नाही. आता हळदीला डीजे लागतो. भिंती हादरतात, कौलं हलतात, आणि त्यात बाईचा गळा कुणाला ऐकू येणार? काकींना बोलावणं येतं ते कधीतरी, एखाद्या जुन्या घरातून. गळ्याला मात्र हे कुणी सांगितलेलं नाही. त्याला रोज कुणाचं तरी लग्न लागतं.

मी त्यांचा भाडेकरू. आठवीत शाळा सुटली, आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. इकडंतिकडं हात मारत शेवटी पूर्ण्याच्या एका गोडाऊनला पॅकिंगला लागलो. खोली बघायला आलो तेव्हा मी आधार कार्ड, त्याची झेरॉक्स आणि झेरॉक्सचीही झेरॉक्स घेऊन आलो होतो. मला कागदाची भीती वाटते. आपल्याकडं एक कमीच असणार असं वाटत राहतं. काकींनी त्यातलं काहीच बघितलं नाही. विचारलं, "आयशीचा नाव काय तुज्या?"

"कौसल्या."

"हाय का?"

"नाही."

"बरा. चावी ती खिल्याला टांगलीय."

एवढ्यावर खोली मिळाली. आजही मला वाटतं, कुठंतरी सही करायची राहून गेलीय.

ज्या गोडाऊनात मी काम करतो, ते काकींच्या भातशेतावर उभं आहे. जमीन विकून वर्षं झाली, पण काकींनी ती मनातून दिलेली नाही. संध्याकाळी मी ड्युटीवरून आलो की त्या ओट्यावरून विचारतात, "काय रं, आज माज्या शेतान काय पिकला?"

"मिक्सर, काकी. आणि बाळांचे डायपर."

"डायपर बरा पिकतंय यंदा," असं म्हणून त्या समाधानानं मान हलवतात.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. ती घडली बाथरूममध्ये.

आमचं बाथरूम दोन दारांचं. एक दार माझ्या खोलीत उघडतं, दुसरं काकींच्या स्वयंपाकघरात. आत कोण आहे हे कळायला काकींनी पद्धत लावलीय. आत त्या असल्या की त्या गातात, मी असलो की मी खोकायचं. एकदा सर्दी झाली तेव्हा मी दिवसभर खोलीत बसून खोकत होतो आणि काकी दिवसभर बाहेर ताटकळल्या. "दिसभर आंघोल करतंस का रं?" त्या संध्याकाळी म्हणाल्या.

या बाथरूममध्ये एक लाकडी कपाट होतं. त्याचा सनमायका केळीच्या पानासारखा सुटून खाली लोंबत होता. खालचा कप्पा पाणी पिऊन पावासारखा फुगलेला. दाराची बिजागरी तुटलेली, म्हणून ते पॉवरलूमच्या सुताच्या दोरीनं बांधलेलं. ब्रश घ्यायचा तर आधी गाठ सोडायची, तोंड धुऊन परत बांधायची. सवय झाली की काही वाटत नाही. मला तर गोडाऊनलाही हात आपोआप गाठ मारायला जायचा.

पण माझं लग्न ठरायला लागलं आणि मी त्या कपाटाकडं पाहुण्याच्या नजरेनं बघायला लागलो.

मुलगी सेलूकडची, सुवर्णा. फोटो बघितला, फोनवर दोनदा बोललो. एकदा तर ती हसलीसुद्धा. सगळं जुळत आलं होतं, फक्त तिच्या आईची एक अट होती. थोरली मुलगी त्यांनी पुण्याला दिली होती आणि तिथं आख्ख्या चाळीत मिळून एकच बाथरूम निघालं. लेक पहाटे बादली घेऊन रांगेत उभी राहते, हे त्या माऊलीच्या मनात रुतून बसलं होतं. त्यांनी निरोप पाठवला, "पोरगा नंतर बगू. आदी न्हाणी दाखवा." त्या स्वतः येणार होत्या, कल्याणला नोकरीला असलेल्या आपल्या भावाला, म्हणजे सुवर्णाच्या मामाला घेऊन. येत्या रविवारी.

मी त्या न्हाणीत जाऊन उभा राहिलो. फरशी बरी होती. नळाला पाणी होतं. पण समोर ते कपाट, दोरीनं बांधलेलं, एखाद्या कैद्यासारखं. या कपाटापायी माझं लग्न मोडणार, याबद्दल मला शंका उरली नाही.

नवं कपाट परवडणारं नव्हतं. रात्री मोबाइलवर शोधलं तर एक बाई एका दुपारीत जुन्या कपाटाला नवं रूप देत होती. घासा, पुसा, पांढरा रंग मारा, नव्या मुठी लावा. पूर्ण वेळ ती हसत होती आणि तिच्या कपड्यांवर एक ठिपका पडला नाही. मीही ठरवलं, पांढरं करायचं. पॉलिश पेपर, रंगाचा लहान डबा, ब्रश आणि बिजागऱ्या आणल्या. जुन्या बाजारातून पितळेसारख्या दिसणाऱ्या दोन मुठी मिळाल्या. फुगलेल्या कप्प्यासाठी सुपरवायझरकडं माल रचायच्या एका मोडक्या पॅलेटची फळी मागितली. त्यांनी दिली, पण गेटवर सिक्युरिटीवाल्यानं अडवलं.

"ये लकडी किधर?"

"बाथरूम में लगाना है. शादी है."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "शादी बाथरूम में है?"

"नाही... हाँ... कपाट है," मी म्हणालो. त्यानं जास्त काही विचारलं नाही, उलट फळी उचलून माझ्या खांद्यावर ठेवली. माणसं चांगली असतात.

शुक्रवारी ड्युटीवरून येऊन मी कपाट उतरवलं, सनमायका सोलून काढला आणि घासायला बसलो. काकी दारात उभ्या राहून बघत होत्या. भुसा उडायला लागला तशा त्या गायला लागल्या, नवरीच्या न्हाणाचं. आईनं अंग चोळलं, मावशीनं पाय चोळले वगैरे. मधेच गाणं थांबवून, "पाय राह्यलं बग," असं म्हणून कपाटाच्या खालच्या कडेकडं बोट दाखवायच्या. घासून झालं तेव्हा कपाट उघडंबोडकं, फिकट आणि खरंच न्हाऊन आल्यासारखं दिसत होतं. नवी फळी ठोकली, बिजागऱ्या बसवल्या. पांढरा रंग शनिवारी संध्याकाळी मारायचा, रात्रभर वाळू द्यायचा, रविवारी सकाळी टांगायचं. सगळं बेतल्याप्रमाणं चाललं होतं, म्हणूनच मला धाकधूक होती.

शनिवारी परत आलो तर कपाट पिवळं.

नुसतं पिवळं नाही. झेंडूसारखं, खोलीत उजेड पडावा असं पिवळं. समोर काकी पाट घेऊन बसलेल्या, कोपरापर्यंत पिवळ्या. बाजूला वाटी. खोबरेल तेलात कालवलेली हळद, आणि तीही घरी कुटलेली. डीजे लावून मिरवतात तसली पाकिटातली नाही, हे त्यांनी मी विचारायच्या आधीच सांगितलं.

"काकी! हे काय केलं?"

"मी काय केला? तू काय केला ते सांग! नवरीला न्हावू घातली न् उघरी टाकून कामाव गेलास! हलद कोन लावंल तिला?"

"काकी, उद्या माणसं येणार. पांढरा रंग मारायचा होता!"

काकींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी काहीतरी घाण बोललोय. "नवरीला पांढरा? पांढरा माज्यासाठी ठेव."

त्या हसल्या, पण मी हसलो नाही. मी डबा उघडला आणि ब्रश फिरवला. तेल प्यालेल्या लाकडावर रंग टिकतो होय? अळूच्या पानावर पाणी पडल्यासारखा तो गोळा होऊन इकडंतिकडं पळत होता. पुसला, परत लावला. परत पळाला. शेवटी सगळा पुसून काढला तेव्हा खालची हळद आणखीच चमकायला लागली. मी जमिनीवर बसलो. सेलू माझ्या डोळ्यांसमोरून एसटीत बसून लांब लांब निघून चाललं होतं.

"रडतंस का काय?" काकींनी विचारलं.

"नाही."

"रडू नको. हलद लागलेली नवरी कोन परत न्हाय धारत."

रविवारी सकाळी कपाट टांगलं, पिवळंच. पितळी मुठी त्यावर खरं सांगायचं तर शोभत होत्या. पण ते अंगाला लागत होतं. हात लावा, हात पिवळा. तो हात धुवायला साबण घ्या, साबण पिवळा. टॉवेल पिवळा. दोरी सोडायची सवय, म्हणून दार उघडताना माझा हात दर वेळी मधोमध जायचा आणि पिवळा होऊन परत यायचा.

पाहुणे आले. सुवर्णाची आई लहानखुरी, नऊवारीतली, डोळे बारीक करून बघणारी. मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलेले. त्यांना भिंती वाजवून बघायची सवय होती. त्यांनी खोलीची भिंत वाजवली, दार वाजवलं, माझी ट्रंक वाजवली. मी जवळ उभा होतो. मला वाटलं आता मला वाजवतात.

"न्हाणी?" आई म्हणाल्या.

आधी मामा गेले. फरशी वाजवली, नळ सोडला, कपाटाचं दार चार वेळा उघडलं-मिटलं. बाहेर येऊन नाक खाजवत म्हणाले, "चालतंय. पण रंग जरा हा आहे." त्यांच्या नाकाचा शेंडा पिवळा झाला होता. मी सांगू की नको या विचारात पडलो आणि मग फार उशीर झाला.

मग आई गेल्या आणि दार लावून घेतलं. पाण्याचा आवाज आला. मग शांतता. मग एकदम, "अगं बया बया बया!"

सगळे धावले. दार उघडलं. आई साबणाचे हात वर धरून उभ्या होत्या आणि समोर कपाटाच्या पिवळ्या दारावर लालभडक पंजा उमटला होता. पाची बोटं स्पष्ट.

"रक्त!" मामा ओरडले.

मला तर जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. आणि तेवढ्यात मागून काकींचा आवाज आला, शांत, कौतुकाचा :

"लाजली गो बाय. साबन लागला का हलद लाजतं."

सुवर्णाच्या आईनं पंजाकडं बघितलं, स्वतःच्या हाताकडं बघितलं, आणि त्यांना हसूच फुटलं. "अवो, खरंच की! लग्नानंतर साड्या धुताना अशाच व्हत्यात लाल. मी येडी घाबरले!" मग डोळे बारीक करून त्यांनी कपाट नव्यानं बघितलं. "पण कपाटाला हळद कुणी लावली म्हणायची?"

"मी," काकी म्हणाल्या. "तुज्या पोरीच्या घरचा कपाट. सुका कसा ठेवू?"

आणि नवरीच्या आयशीचा थापा दारावर उमटला, आता दुसरा शकुन कशाला पाहिजे, असं म्हणून त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि सुरुवात केली :

'न्हानीच्या दारान लाल हात कोनाचा?
सेलूच्या माऊलीचा, लेकीच्या मानाचा...'

बाथरूम लहान असल्यामुळं आवाज घुमला. मामा पिवळं नाक घेऊन हात जोडून उभे राहिले. गाणं संपलं तसं आईंनी डोळ्याला पदर लावला आणि माझ्याकडं न बघता भावाला म्हणाल्या, "दादा, पुण्याच्या पोरीच्या रांगेत कुणी गात नाय. हितं कपाटालाबी हळद लावत्यात. देऊ या."

मी त्या कपाटाला मनातल्या मनात नमस्कार घातला.

मग चहा झाला. आई काकींच्या शेजारी बसल्या, त्यांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "पोराला आई नाय. लग्न आमच्याकडं, पण हा निघायच्या दिवशी पयली हळद तुमीच लावा त्याला. आईच्या जागी."

काकींनी हात सोडवून घेतला आणि पदराखाली नेला.

"मी गाईन," त्या म्हणाल्या. "हात न्हाय लावाची."

आईंना लगेच कळलं. त्यांनी पुढं विचारलं नाही. मला मात्र कळलं नाही. मला गोष्टी उशिरा कळतात. पाहुणे गेल्यावर कपबशा विसळताना मी विचारलंच.

काकी कपाटाच्या पंजाकडं बघत बोलल्या. "मालक गेलं तवापासून माजा तोंड चालतो मांडवान, हात न्हाय चालत. माज्या पोरीच्या लग्नाला सगला मीच गायलंय. न्हाणाचा, हलदीचा, सगला. हलद तिच्या आत्यानी लावली. मी खांबाजवल उभी. आत्या बाय कंजूस, दोन बोटा लावून मोकली. पोरीचं कान कोरं राह्यलं. आजून डोल्यासमोर हायेत ते कोरं कान." मग एकदम आवाज चढवून, "तुज्या कपाटाचा एक कोपरा कोरा सोडला का मी? बग! मागून पन लावलीय!"

मी कपाट भिंतीपासून थोडं उचलून बघितलं. पाठीमागं, जिथं कुणी कधी बघणार नव्हतं, तिथंही ते पिवळंजर्द होतं.

पुढचे काही दिवस मी गोडाऊनला पिवळा हात घेऊन गेलो. सुपरवायझरनं विचारलं, "शादी हो गई क्या?" मी म्हणालो, "मेरी नहीं, कपाट की." त्यानं सिक्युरिटीवाल्याकडं बघितलं. सिक्युरिटीवाल्यानं समजूतदारपणे मान हलवली.

गावाला निघायचा दिवस आला. काकींनी सकाळपासून माझ्या बॅगेत लाडू, सुकट आणि सुवर्णासाठी हिरव्या बांगड्या कोंबल्या. स्वतः येणार नव्हत्या. गुडघे दुखतात म्हणाल्या. सिलिंडरच्या लग्नाला उभं राहताना दुखत नाहीत. रिक्षा दारात आली. काकी ओट्यावर उभ्या, हात पदराखाली.

"आलोच," म्हणून मी बाथरूममध्ये गेलो. कपाटाच्या आतल्या बाजूला तेल अजून ओलसर होतं. दोन्ही तळवे त्यावर दाबून घासले, चांगले पिवळे होईपर्यंत. मग आरशात बघून गालांना लावले, कपाळाला लावले आणि बाहेर येऊन काकींसमोर उभा राहिलो.

त्या बघत राहिल्या. "तोंडाला काय रं ह्या?"

"हळद."

"कोनी लावली?"

"कपाटानं."

काकींनी मान वळवून घरात बघितलं.

"आणि कपाटाला तुम्ही," मी म्हणालो.

मग त्यांची नजर माझ्या तोंडावरून फिरत फिरत बाजूला गेली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. कामात खोट दिसली की पडते तीच.

"ही काय हलद लावायची रीत? कान कोरं!"

आणि हात पदरातून बाहेर आला. माझ्या गालावरची हळद तळव्यानं ओढून घेत त्यांनी ती कानाच्या पाळ्यांना लावली, कानामागं लावली, मानेला लावली. पोराला पुसावं तशी रगडून, एक जागा न सोडता. माझी मान दुखली. मी हललो नाही.

हात चालू असतानाच गळा सुरू झाला. त्यात माझं नाव आलं, सुवर्णाचं आलं, तिच्या आईचं आलं. मग कौसल्येचं आलं. इतक्या वर्षांत माझ्या आईला कुणी मोठ्यानं हाक मारल्याचं मी ऐकलं नव्हतं.

रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. काकींनी गाणं न थांबवता पिवळा हात उंच केला आणि त्याला थांबवलं.